चार इस्पिकवर डबल

ब्रिज क्लबात चष्मेवाल्यांना दोन कारणांसाठी ओळखत. एक म्हणजे चौकातलं त्यांचं चष्म्यांचं दुकान. क्लबातले निम्मे लोक तिथेच बनवलेल्या काचांमधून आपले पत्ते बघत. दुसरं म्हणजे त्यांचा विचार. विरुद्ध जोडीने उंच बोली लावली, डबल करायचं की नाही हा प्रश्न आला, आणि चष्मेवाल्यांनी पत्ते मिटून परत उघडले, की शेजारच्या टेबलावरची अनुभवी माणसं उठून पाय मोकळे करून येत. परत येईपर्यंत चहावर साय धरलेली असे आणि चष्मेवाले अजून त्याच पत्त्यांकडे बघत असत. शेवटी ते पास म्हणत. बहुतेक वेळा पासच म्हणत.

ब्रिज न खेळणाऱ्याला यातली गोम कळायची नाही, म्हणून थोडं सांगायला हवं. चार जण खेळतात, समोरासमोरचे दोघे भिडू. तेरा हातांपैकी आपण किती जिंकू याची बोली आधी लावायची आणि मग ती पुरी करून दाखवायची. शहाणी माणसं खालून हळूहळू चढत जातात. पण एखाद्याकडे एकाच रंगाचे सात-आठ पत्ते येतात आणि बाकी हातात नुसता कचरा असतो. असा माणूस पहिल्याच झटक्यात एकदम ‘चार इस्पिक’ लावून मोकळा होतो. इस्पिक हुकूम धरून दहा हात करतो, असा त्याचा अर्थ. होतील न होतील, त्याला फारशी फिकीर नसते. तुमच्याकडे चांगले पत्ते असतील तर तुम्हाला बोलायला जागाच ठेवायची नाही, हा खरा डाव.

मग पुढच्याने काय करायचं? डबल करायचं. पण डबलचे अर्थ दोन. ‘तुमचं होत नाही, आता दुप्पट बुडा’ हा एक, आणि ‘भिडू, माझ्याकडे पत्ते आहेत, तुझा एखादा लांब रंग असेल तर बोल’ हा दुसरा. इतक्या उंचीवर दोन्ही अर्थ ‘डबल’ लिहिलेल्या एकाच लाल पत्त्यात कोंबलेले असतात आणि कोणता उचलायचा ते भिडूने ठरवायचं असतं.

या विषयात चष्मेवाल्यांचा हात धरणारं क्लबात कोणी नव्हतं. नवशिक्यांना ते फळ्यावर शिकवत. “स्वतःला दोन प्रश्न विचारा,” ते खडू उगारून सांगत. “भिडूने पास केलं तर मला चालेल का? आणि भिडू बोलला तर चालेल का? दोन्हींना हो आलं तर डबल. एकालाही नाही आलं तर पास. आणि जे काय कराल ते न रेंगाळता करा.”

एकदा त्यांची बायको मागच्या खुर्चीवर बसली होती. ती म्हणाली, “शेवटचं वाक्य पुन्हा सांगा. मला नीट ऐकू आलं नाही.”

नवशिके हसले. चष्मेवालेही हसले, पण त्यांचं हसू जरा उशिरा आलं.

बायको बसच्या डेपोत गाड्या सोडायचं काम करी. कुठली गाडी बंद पडली, कुठला ड्रायव्हर आलाच नाही, याचा निकाल ती फोन खाली ठेवायच्या आत लावायची. तिला लग्नानंतर ब्रिज शिकवलं ते चष्मेवाल्यांनी. तेव्हापासून दोघं भिडू होते आणि तेव्हापासूनच ती त्यांच्या विचारापायी सोसत आली होती. कारण ब्रिजमध्ये लांबलचक विचार करून केलेला पास हा साधा पास राहत नाही. सगळ्या टेबलाला कळतं की या गृहस्थांकडे पत्ते आहेत, फक्त धीर नाही. मग भिडूने बोलावं तर विरुद्ध जोडी म्हणणार, यांनी विचार केला म्हणून तुम्ही बोललात. म्हणून सरळ माणूस अशा वेळी गप्प बसतो, हातात बोलण्यासारखे पत्ते असले तरी. बायको सरळ होती. ती गप्प बसायची. आणि घरी जाताना चष्मेवाले विचारायचे, “तू का नाही बोललीस?”

असं विचारण्याची शेवटची वेळ कोणती होती ते त्यांना नंतर बरोबर आठवलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती पावाला लोणी लावताना म्हणाली, “पुढच्या आठवड्यापासून मी ड्रायव्हिंगवाल्या बाईंबरोबर खेळणार आहे.”

“खेळ ना. मला दुकानात नव्या फ्रेमा लावायच्याच आहेत.”

“एका आठवड्यापुरतं नाही म्हणत मी.”

चष्मेवाल्यांच्या हातातली सुरी लोण्यात तशीच राहिली. “का?”

“त्या विचार करत नाहीत.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे करत असतील. पण माझ्यासमोर नाही.”

ड्रायव्हिंगवाल्या बाई गाडी शिकवायच्या. शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून बसून त्यांचा चेहरा असा झाला होता की समोरून ट्रक आला तरी भुवई हलू नये. भिडूने चूक केली तर त्या पुढचा डाव घेत. एवढंच. चष्मेवाल्यांना हा गुण आधी कधी गुण वाटला नव्हता.

त्यांना वाटलं, आपल्याला भिडू मिळायला कितीसा वेळ लागणार? शिकवणारा माणूस. एकाला विचारलं, त्याची पाठ धरली होती. दुसऱ्याकडे भाची येणार होती. पुढच्या आठवड्यात ती भाची क्लबातच दिसली, मामाच्या समोर भिडू म्हणून बसलेली. चष्मेवाल्यांनी तिला ओळख दाखवली आणि कोपऱ्यात जाऊन मासिकांचे जुने अंक चाळत बसले.

शेवटी घरातूनच हाक आली. सासूबाई त्यांच्याकडेच, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत राहत. उभं आयुष्य त्यांनी इस्पितळात ऑपरेशनच्या टेबलाशी काढलं होतं. डॉक्टरने हात पुढे करायच्या आत त्यात हवं ते हत्यार ठेवायचं, ही त्यांची नोकरी. पत्ते त्या आधीपासून खेळत. बायकोची हुशारी त्यांच्याकडून आली, असं लोक म्हणत आणि चष्मेवाल्यांना ते पटत असूनही लागत असे.

“मी बसते तुमच्यासमोर,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, तुम्हाला त्रास होईल.”

“तो माझा मी बघते. तुम्हाला होईल त्याचं काय ते बघा.”

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सराव सुरू झाला. सासूबाईंनी अंडी उकडायचं घड्याळ आणून समोर ठेवलं. त्या पत्ते वाटायच्या, “चार बदाम” म्हणायच्या आणि घड्याळ फिरवायच्या. ते टिकटिकायला लागलं की चष्मेवाल्यांच्या डोक्यातले दोन्ही प्रश्न एकमेकांत अडकायचे.

“पास केलं तर चालेल का, हो. बोललात तर चालेल का, तर त्याचं असं आहे आई, की तुमच्याकडे किलवर असेल तर...”

घड्याळ वाजायचं.

“जावईबापू,” सासूबाई एकदा पत्ते खाली ठेवून म्हणाल्या, “डॉक्टर दोन प्रकारचे बघितले मी. एक चुकीचं कापायचे. त्यांचं निस्तरता यायचं. दुसरे पोट उघडून विचार करत उभे राहायचे. त्यांच्या वेळी मला घाम फुटायचा.”

“मी दुसऱ्या प्रकारातला?”

“तुम्ही हातमोजे घालतानाच थांबता.”

त्यांनी मग एकच सोपा करार केला. उंच बोलीवर डबल म्हणजे ‘माझ्याकडे भरपूर पत्ते आहेत’. सासूबाईंकडे लांब रंग असेल तर त्या बोलतील, नसेल तर गप्प बसून विरुद्ध जोडीला बुडवतील. ठरवायचं त्यांनी, चष्मेवाल्यांनी फक्त लाल पत्ता टेबलावर ठेवायचा. हे ठरत असताना बायको ओट्याशी उभी राहून सफरचंद खात होती. तिने सगळं ऐकलं, गाभा टोपलीत टाकला आणि “चालू द्या” म्हणून निघून गेली.

क्लबाची वर्षाची स्पर्धा एका सुट्टीच्या दुपारी होती. क्लब पोहण्याच्या तलावाच्या वरच्या मजल्यावर होता. खालून मुलांचा गलका आणि पाण्यातल्या औषधाचा वास वर येई, आणि दमट हवेने पत्ते कडेला वाकत. सासूबाई आणि जावई दुपारभर झकास खेळले. खरं म्हणजे सासूबाई खेळल्या. कठीण काही चष्मेवाल्यांच्या वाट्याला आलंच नाही, त्यामुळे ते चुकलेही नाहीत. चहाच्या सुट्टीत फळ्यावर त्यांची जोडी वरून तिसरी होती. चष्मेवाल्यांनी तो फळा जवळून पाहिला, मग लांबून पाहिला.

शेवटच्या फेरीला त्यांच्या टेबलाशी बायको आणि ड्रायव्हिंगवाल्या बाई येऊन बसल्या.

“आई, उशी हवी का पाठीला?” बायकोने विचारलं.

“आत्ता मी तुझी आई नाही,” सासूबाई म्हणाल्या. “पत्ते वाट.”

दोन डाव साधेच गेले. तिसऱ्या डावात पहिली बोली बायकोची होती. क्लबात तोंडाने कोणी बोलत नसे, पेटीतून बोलीचा पत्ता काढून पुढ्यात ठेवत. बायकोने आधी ‘थांबा’ लिहिलेला पत्ता ठेवला आणि शेजारी ‘चार इस्पिक’.

हा ‘थांबा’ पत्ता चष्मेवाल्यांचा फार आवडता. कोणी एकदम उंच उडी मारली की पुढच्याने थोडा वेळ थांबायचंच, हातात काही असो वा नसो, असा नियम. म्हणजे विचार करणारा आणि न करणारा सारखेच दिसतात. जगात विचाराला कायद्याने मिळालेली एवढी एकच जागा आहे, असं ते नवशिक्यांना सांगत. त्यांची अडचण इतकीच, की ती जागा त्यांना पुरत नसे.

त्यांनी पत्ते पाहिले. इस्पिकचा एक्का. बदामचा एक्का, राजा आणि तीन छोटे. किलवरचा राजा, राणी, गुलाम आणि दश्शी, ओळीने उभे. चौकटचे तीन फालतू पत्ते. फळ्यावर काढावा असा हात होता. किंबहुना असाच हात त्यांनी फळ्यावर काढून नवशिक्यांना विचारलं होतं, “आता सांगा, यात विचार करण्यासारखं काय आहे?”

आता मात्र होतं. चार लावणारी बायको होती. इस्पिकचे आठ पत्ते असल्याशिवाय ती चारवर उघडत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? तो नियम त्यांनीच तिला घालून दिला होता. आठ पत्ते असले तर करेल ती दहा हात. मग डबल करून आपण तिला बक्षीस दिल्यासारखं होईल. की हिने नियम बदलला? भिडू बदलला तसा? त्यांनी हळूच तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. सकाळी डेपोचा फोन आला की ती जशी बघते तशी, म्हणजे निकाल लागलेला असतो आणि फक्त सांगायचा उरतो. दुकानात ते दिवसभर लोकांना विचारत, ही काच बरी की ती बरी, आणि लोक बिचारे पटकन सांगत. आपल्याला कोणी असं विचारलं असतं तर दुकान कधीच बंद पडलं असतं, असं त्यांना वाटून गेलं. पास केलं तर चालेल का? हो. आई बोलल्या तर चालेल का? हो.

दोन हो झाले होते. तिसरा प्रश्न डोकं वर काढत होता, तेवढ्यात त्यांना पेटीत आपली बोटं दिसली. ती आपणहून गेली होती. चष्मेवाल्यांनी लाल पत्ता काढून टेबलावर ठेवला.

वेळेत.

शेजारच्या टेबलावरचा एक जण पाय मोकळे करायला उठला होता, तो परत बसला. ड्रायव्हिंगवाल्या बाईंनी पास केलं. सासूबाईंकडे लांब रंग नव्हता. करार होता तसा त्यांनी क्षणभरही न घालवता पास केलं. बायकोने चष्मेवाल्यांकडे नीट निरखून पाहिलं आणि पास केलं.

आता चार इस्पिक, डबल. बायकोने दहा हात करायचे, यांनी चार घेऊन तिला अडवायचं.

चष्मेवाल्यांनी बदामचा एक्का उतरला. हात मिळाला. ड्रायव्हिंगवाल्या बाईंनी आपले पत्ते रिवाजाप्रमाणे टेबलावर उघडे मांडले: चौकटचा एक्का, राजा आणि दोन छोटे; किलवरचा एक्का, नव्वी, पंजी; बाकी किरकोळ. हे पत्तेही आता बायकोच खेळणार होती. चष्मेवाल्यांनी बदामचा राजा टाकला, तो बायकोने हुकमाने मारला. ती हुकूम खेळली, त्यांनी एक्का घेतला. दोन हात झाले. किलवरचे दोन तर हातात उभेच होते. एकूण चार. बुडाली.

शहाण्या माणसाने तेव्हाच किलवर खेळून आपले हात मोकळे केले असते. चष्मेवाले पुन्हा बदाम खेळले. किलवर कुठे पळून जातंय, असा त्यांचा हिशेब. खरं तर हिशेबही नव्हता. ते डबलमध्येच होते अजून. बायकोने बदाम मारला आणि उरलेले हुकूम एकामागून एक खेळायला लागली. चष्मेवाल्यांना प्रत्येक हुकमावर काहीतरी टाकणं भाग होतं. ते टाकत होते, आणि मनातल्या मनात बुधवारचा वर्ग घेत होते. हाच हात फळ्यावर काढायचा. वर लिहायचं नाही कोणी डबल केलं ते. नवशिके विचारतीलच. मग आपण हातांचा खडू झटकत म्हणायचं, आता ते महत्त्वाचं नाही.

सासूबाईंनी चौकटची नव्वी टाकली. मोठा पत्ता टाकला की भिडूला सांगायचं असतं, हा रंग माझ्याकडे आहे, तुम्ही याची चिंता सोडा. चष्मेवाल्यांनी ती पाहिली. छान पत्ता आहे, एवढंच त्यांच्या मनात आलं. टेबलावर चौकट पडलेली, तेव्हा आपण चौकट राखायला हवी, असं त्यांनी मोठ्या जबाबदारीने ठरवलं आणि किलवरची दश्शी टाकली. पुढच्या हुकमावर किलवरचा गुलाम टाकला.

सासूबाईंनी डोळे मिटले.

हुकूम संपले. बायको किलवर खेळली, टेबलावरच्या एक्क्याने हात घेतला, चष्मेवाल्यांची राणी त्याखाली गेली. मग टेबलावरून किलवरची पंजी. चष्मेवाल्यांनी राजाने हात घेतला, तिसरा झाला. चौथ्यासाठी त्यांनी पुढचं किलवर शोधलं. हातात चौकटच्या तीन फालतू पत्त्यांशिवाय काही नव्हतं. त्यांनी ते पत्ते मिटून परत उघडले. तरी चौकटच. नाइलाजाने त्यातला एक खेळले. टेबलावरच्या एक्क्याने घेतला, मागोमाग राजा, आणि शेवटी किलवरची नव्वी, जी पहिल्यापासून टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी उघडी पडली होती, ती कोणाचा धक्का न लागता दहावा हात होऊन गेली.

“दहा,” ड्रायव्हिंगवाल्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या डावाचे पत्ते उचलले.

फळ्यावर चष्मेवाल्यांची जोडी कुठे गेली ते बघायला बरंच खाली बघावं लागलं. जिने उतरताना सासूबाईंनी त्यांचा दंड धरला होता.

“मी चौकटची नव्वी टाकली होती.”

“हो आई.”

“दिसली होती?”

“दिसली होती.”

“डोळे तपासून घ्या एकदा. ओळखीचं कोणी आहे का?”

खाली गाडीपाशी बायको उभी होती. सासूबाई मागे बसल्या, चष्मेवाले पुढे तिच्या शेजारी. बायकोने गाडी तलावाच्या फाटकातून बाहेर काढली.

“किती होते इस्पिक?” चष्मेवाल्यांनी विचारलं.

“सात.”

“सातच? तू तर आठशिवाय...”

“तुमच्याबरोबर आठ लागायचे. सातावर उघडलं की घर येईपर्यंत ऐकावं लागायचं.”

ती रागाने म्हणाली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती सिग्नलकडे बघत सहज म्हणाली. चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. इतकी वर्षं तिला सातावर उघडावंसं वाटत होतं आणि ती आठवा पत्ता यायची वाट बघत बसत होती, आणि आपण मात्र तिला जपून खेळणारी समजत होतो. त्यांना एकदम कानकोंडं झालं.

“चुकलंच माझं,” ते म्हणाले.

“किलवर टाकलं ते ना? चुकलंच. पहिल्यांदाच किलवरचा राजा उतरला असतात तरी मी गेले होते.”

“ते पण,” चष्मेवाले म्हणाले.

तिने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. सिग्नल सुटला.

“डबल बरोबर होतं पण,” ती म्हणाली. “मी धरून चालले होते की तुम्ही पास करणार. म्हणूनच लावलं चार. तुमच्या जागी दुसरं कोणी असतं तर तीनच लावले असते.”

चष्मेवाल्यांना हे कौतुक आहे की काय ते चटकन उलगडेना. पण ते जपून ठेवण्यासारखं आहे एवढं कळलं.

“बाई पुढच्या महिन्यात गावाला जातायत,” बायको जरा वेळाने म्हणाली. “एक आठवडा मला भिडू नाही. खेळाल?”

चष्मेवाले विचारात पडले. हो म्हणावं तर आईंचं काय, नाही म्हणावं तर...

“त्यांना काय विचारतेस?” मागून सासूबाई म्हणाल्या. “ते माझे भिडू आहेत. मला विचार.”

“आई, एक आठवडा फक्त.”

“आत्ता कुठे त्यांचा हात पेटीत जायला लागलाय. तुझ्यासमोर बसले की परत घाबरतील.”

“माझ्यामुळे घाबरत होते का ते?”

“मग कोणामुळे? सारखी घड्याळ बघायचीस त्यांच्यासमोर.”

“तू अंड्याचं घड्याळ लावलंस, ते चाललं?”

मायलेकींची चांगलीच जुंपली. घराचं वळण आलं आणि बोलण्याच्या भरात बायकोने ते सोडून दिलं. चष्मेवाल्यांना ते दिसलं होतं, पण सांगावं की नाही हे ठरेपर्यंत गाडी पुढच्या चौकात पोचली. आपल्यावरून दोन माणसं भांडतायत, तीही ब्रिजसाठी, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. ते मान खाली घालून, चष्मा हातातच धरून, मुकाट्याने ऐकत राहिले.